बिनचावीचं कुलूप

“मॅडम, ही चावी घरात ठेवू नका.”

दारावर बसल्यावर मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. बोलणारा मितेश, मला बसवायला घाटकोपरहून आलेला कारागीर. ऐकणारी मानसी, माझी मालकीण. आणि समोरच्या दारात उभ्या असलेल्या रत्नप्रभाकाकू, हातातली मेथी निवडता निवडता हा सगळा सोहळा बघत होत्या.

मितेशने पिशवीतून एक बोटभर लांब चौकोनी सेल काढला आणि माझ्या खालच्या ओठाला असलेल्या दोन पितळी टिकल्यांना टेकवून दाखवला. आतले सेल संपून मी एकदम बंद पडलो, तर बाहेरून असा सेल लावायचा, आकडे दाबायचे, दार उघडतं. तेही जमलं नाही तर ही चावी. “म्हणून म्हणतो, चावी आणि एक चौकोनी सेल बाहेर कुणाकडे तरी ठेवून द्या.”

“आमच्या भजनाच्या माइकात असतो तसलोच सेल हा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी चावीसाठी हात पुढे केला. अगदी सवयीने. कारण मानसीच्या आधीच्या कुलपाची जादा चावी त्यांच्याच घरी, देवाच्या फोटोखालच्या खिळ्याला असायची.

मानसी हसली. म्हणाली, “नको काकू, उगाच तुम्हाला जबाबदारी कशाला? आता चावी लागणारच नाही.” आणि तिने ती चावी आत नेऊन कपाटात, प्रांजलच्या जन्माच्या दाखल्याच्या फाइलमध्ये ठेवली. काकूंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी आत जाऊन आधीच्या कुलपाची चावी खिळ्यावरून काढली, पदराने पुसली आणि परत आणून दिली.

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. हसू नका. चार वर्षांचं कुलूप जुनं कसलं, असं तुमचे आजोबा म्हणतील. त्यांच्या ट्रंकेचं कुलूप पन्नास वर्षं टिकलं असेल. पण मी पडलो डिजिटल घराण्यातला. आमच्यात चार वर्षं म्हणजे म्हातारपण. सध्या माझा मुक्काम मुलुंड पूर्वेला, सहाव्या मजल्यावरच्या ६०३ नंबरच्या घरात, चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. सोबतीला दोन मुके रिमोट, बुटाची एकच नाडी आणि कुठल्या तरी लग्नातला सुकलेला गजरा. खण बाहेरून ढकलून घट्ट बसवलेला असतो. आयुष्यभर दुसऱ्यांना आत-बाहेर करणाऱ्यावर ही वेळ आली.

पण माझेही दिवस होते. कारखान्यातून निघालो तेव्हा काय थाट होता! काळी चकचकीत काच, तिच्यात निळे उजळणारे दहा आकडे, बोटाचा ठसा ओळखणारा डोळा, पोटात चार सेल. बोलायला मला शब्द दिले नव्हते, तीन धुना दिल्या होत्या. दार उघडलं की पाच सुरांची चढती धून. आकडा चुकला की दोन बसके सूर. आणि पोटातले सेल संपत आले की तीन उतरते सूर, दर वेळी दार बंद होताना. एवढीच माझी भाषा.

मानसीने मला का घेतलं तेही सांगतो. ती शिकलेली, हुशार बाई. प्रांजल झाल्यावर तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि प्रयोगशाळेतली नजर घरी आणली. दुधाचं तापमान, हवेतली धूळ, शेजारच्या वॉर्डात आलेली गोवराची साथ, कुठे मूल गॅलरीतून वाकलं, सगळ्यावर तिचं लक्ष. फोन सारखा टुणटुणायचा आणि ती सारखी वाचायची. निलेश, म्हणजे तिचा नवरा, अंधेरीच्या ऑफिसातून थकून यायचा आणि म्हणायचा, “तू घरात बसून अख्ख्या मुंबईची चिंता वाहतेस.” त्यावर ती म्हणायची, “कुणीतरी वाहायला नको का?”

अशात सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली की मागच्या इमारतीत भरदिवसा कडी तोडून चोरी झाली. आठवड्याभराने कळलं की चोरी नव्हतीच. त्या घरातल्या गृहस्थांनी स्वतःचीच चावी हरवून स्वतःचीच कडी तोडून घेतली होती. पण तोवर मी दारावर बसलो होतो.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की आधी माझ्यासमोर उभे राहायचे. प्रांजल तर माझ्यावर फिदा होती. बोलायला लागण्याआधी ती माझ्या धुना गुणगुणायला शिकली. त्यातही तिचे आवडते ते तीन उतरते सूर. ते वाजले की ती गिरकी घ्यायची. मानसी तिचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायची, आणि मग केव्हातरी सेल बदलायची.

मात्र एक गोष्ट हळूहळू बंद झाली. पूर्वी चावीच्या निमित्ताने दोन्ही दारं दिवसातून चार वेळा उघडायची. चावी द्यायला, चावी घ्यायला, आणि मग तिथेच उभ्या उभ्या अर्धा तास. काकू मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, सगळा संसार लालबागच्या चाळीत झाला. ते गेल्यावर मुलाने, जयवंतने, त्यांच्यासाठी इथे घर घेतलं आणि स्वतः नोकरीसाठी मस्कतला गेला. काकूंचं सकाळी सहालाच लाकडी दार सताड उघडं, बाहेरचं जाळीचं तेवढं लावलेलं. आतल्या कडीला त्या कधी हात लावायच्या नाहीत. बाहेरून चावीने उघडता आलं पाहिजे, हा चाळीतला नियम. त्यांची चावी मानसीच्या घरात, दाराजवळच्या हुकाला अडकवलेली होती. ती त्यांनी कधी परत मागितली नाही. मानसीला ती तिथे आहे याचाच विसर पडला.

मग माइकची गोष्ट झाली. दर गुरुवारी दुपारी काकूंकडे बायकांचं भजन असायचं, बिनवायरीचा माइक लावून. प्रांजलची झोप मोडायला लागली. मानसी दारावर जाऊन भांडणारी नव्हे. तिने ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, दुपारी लहान मुलं झोपतात, कृपया माइक नको, पुढे जोडलेले हात. माइक टीव्हीखालच्या कप्प्यात गेला. भजन पुढे कुणा दुसरीच्या घरी भरायला लागलं. गुरुवारी मजला शांत झाला. मला ती शांतता आवडली नाही, पण मला कोण विचारतं?

मित्रांनो, कुलपाचं नशीब विचित्र असतं. माझं अर्धं अंग घराच्या आत आणि अर्धं बाहेर. दोन्हीकडचं ऐकू येतं आणि दोन्हीकडे काही करता येत नाही.

आता त्या मंगळवारची हकिगत.

आदल्या आठवड्यापासून मी सुचवत होतो. तीन उतरते सूर. प्रांजल गिरक्या घेत होती. मानसीच्या फोनवरही मी निरोप धाडला होता की सेल संपत आलेत. तो निरोप बालवाडीच्या फीच्या आणि पावसाच्या बातमीच्या मध्ये सापडला. तिने अंगठ्याने तिन्ही एकदम बाजूला सारले. मी पाहत होतो. ती तेव्हा माझ्यासमोरच उभी होती.

मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास पेपरवाल्याने काकूंच्या जाळीत पेपर खोचला. तो तिथेच राहिला. थोड्या वेळाने समोरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग बारीक हाक आली. “मानसी… मानसी गो…”

मी ऐकलं. निलेशने नाही ऐकलं, तो साडेसातला कानात बोंडं घालून, बातम्या ऐकत लिफ्टमध्ये शिरला. तो गेल्यावर दार लागलं, तेव्हा मी वाजलो. माझ्या मनात होतं, काकू पडल्यात, काकू पडल्यात. बाहेर पडले ते तेच तीन उतरते सूर. आतून प्रांजलने टाळ्या पिटल्या.

त्या दिवशी तिला सर्दी होती, म्हणून बालवाडीला सुट्टी. त्यामुळे दार उघडलंच नाही. स्वयंपाकघरात पंखा घरघरत होता, हॉलमध्ये स्पीकरवर बडबडगीतं एकामागून एक चालू होती. आणि बाहेर, माझ्या दुसऱ्या अंगाला, दर दहा-पंधरा मिनिटांनी ती हाक, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक. पुढे ती थांबली. मजल्यावरची बाकीची दोन घरं ऑफिसला जाणाऱ्यांची. आठपासून कुणी नव्हतं. चार तास मी दोन घरांच्या मध्ये अडकून ते ऐकलं. तेवढे चार तास मला अजून या खणात ऐकू येतात.

अकराच्या सुमारास मानसीने डाळीचा कुकर चढवला आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं. एक पाऊल. गॅलरीतून वारा आला आणि तिच्या पाठीमागे दार आपटलं. दार लागलं की पाच सेकंदांत कडी सरकवायची, असं मला तिनेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी सरकवली. अंगात उरलेला होता नव्हता तो जीव त्यात गेला.

तिने बोट ठेवलं. मी उजळलो नाही. तिने आकडे दाबले. काचेवर नुसते तिच्या बोटांचे ओले ठसे. फोन आत. चावी आत, फाइलमध्ये. आत तीन वर्षांची प्रांजल आणि पेटलेला गॅस. आतून उघडायची मूठ होती, पण मुलाने चुकून उघडू नये म्हणून तिच्यावर बटण होतं. ते दाबून धरून मूठ फिरवायला मोठ्या माणसाचा पंजा लागतो. तेही मानसीनेच लावलं होतं.

“प्रांजल? बाळा, आई बाहेर आहे हं.”

“आई, तू लपलीस?” आतून खुशीत आवाज आला.

मग कुकरची शिट्टी झाली. मानसीने माझ्यावर दोन्ही मुठी आपटल्या. मला लागलं नाही. लागलं असतं तर बरं वाटलं असतं. ती वळली आणि काकूंच्या दाराकडे धावली, आणि तिथे तिला, अकरा वाजले तरी जाळीतच खोचलेला, पेपर दिसला. त्याच्या पलीकडे, हॉलच्या फरशीवर, भिंतीला टेकून काकू बसल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला. ओठ सुकलेले.

“काकू!”

“पडलंय मी. सकाळीच. माका उठूक जमणा नाय. फोन आतल्या खोलीत रवलो.” आवाज घोगरा, संपलेला. “तुका खूप हाका मारल्यंय गो.”

मानसीने जाळी हलवली. जाळीला लॅच होतं. त्याची चावी तिच्याच घरात, हुकाला. ती तिथेच दाराला धरून खाली बसली आणि रडायला लागली. पोर आत, गॅस चालू, सेल संपले, फोन नाही, असं काहीबाही सांगत सुटली.

चौथी शिट्टी झाली.

“रडा नको. किती शिट्ट्या घेतंस डाळीक?”

“तीन.”

“ही चौथी. मी मोजतंय.” मग त्या म्हणाल्या, “रोजच मोजतंय. तुझ्या घरचा तेवढाच ऐकाक येता.”

मानसी जिन्याकडे पळाली. वाकून वॉचमन बळवंतला हाका मारल्या. सहा मजले खाली पंपाचा आवाज चालू होता. खाली जावं तर पोरीजवळ कुणी नाही. ती परत आली. आतून प्रांजल म्हणत होती, “आई, कुकर ओरडतोय. मी बंद करू?”

“नाही!” मानसी ओरडली, आणि प्रांजलने भोकाड पसरलं.

“तशी ओरडा नको,” काकू म्हणाल्या. “पोर भितली म्हणजे आवाजाकडेच धावतली. दाराकडे बसव तिका. गाऊक लाव.”

मानसीने माझ्या खाली दाराला गाल लावला. सूर लागेना, तरी म्हणाली, “प्रांजल, कुलपाचं गाणं कसं आहे? आईला विसरायला झालं.” थोडा वेळ नुसते हुंदके. मग दाराच्या अगदी खालच्या बाजूने तीन उतरते सूर आले. पुन्हा आले. मित्रांनो, माझी धून होती ती. आता तिच्या तोंडून चालली होती.

पाचवी.

“मानसी, त्या माणसान काय सांगितलेलान? चौकोनी सेल.”

“कुठून आणू काकू आत्ता?”

“माइक हा ना माझो.”

टीव्हीखालचा कप्पा भिंतीपासून सहा-सात हातांवर असेल. दोन हातांवर जोर देऊन, वळलेला पाय मागे ओढत काकू फरशीवरून सरकल्या. अर्ध्या वाटेत थांबल्या, डोळे मिटून बसल्या. जाळीला कपाळ टेकून मानसी म्हणाली, राहू दे काकू, नका. त्या पुन्हा सरकल्या. इकडे प्रांजल गात होती. सहावी शिट्टी झाली. सातवी झाली. जळक्या डाळीचा वास दाराच्या फटीतून यायला लागला.

कप्पा उघडला. काकूंनी माइकची खालची टोपी फिरवून सेल काढला आणि फरशीवरून जाळीकडे सरकवला. तो जाळीच्या वीतभर आतच थांबला. मानसीने जाळीतला पेपर ओढला, गुंडाळी केली, जाळीच्या खालच्या फटीतून आत घातली आणि सेल आपल्याकडे खेचला.

पहिल्यांदा सेल टिकल्यांवरून निसटला. दुसऱ्यांदा माझ्यात जीव आला, पण आकडा चुकला. दोन बसके सूर. तिसऱ्यांदा तिने सेल डाव्या तळव्याने माझ्यावर दाबून धरला आणि प्रांजलची जन्मतारीख एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबली.

पाच चढते सूर. ते मी आयुष्यात इतक्या मनापासून कधी वाजवले नव्हते.

दार लोटताना प्रांजल मागे सरकली. ती दाराला पाठ लावून बसली होती, पायांत बाबाचे बूट. मानसीने तिला काखेत मारलं, गॅस बंद केला, खिडकी उघडली. डाळीचा कोळसा झाला होता. मग हुकावरची चावी घेऊन, पोरीला काखेतच ठेवून, ती समोर धावली. जाळी उघडली. काकूंच्या शेजारी फरशीवर बसून तिने त्यांना चमच्याने पाणी पाजलं. तेव्हा प्रांजल गंभीरपणे म्हणाली, “काकूआजी, तू पण लपलीस?”

“होय गो,” काकू म्हणाल्या. “पण माका कोणी शोधलानच नाय.”

त्यावर मानसीने मान खाली घातली. हे मला दारातून दिसत होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, जयवंत मस्कतहून आला, महिनाभर राहिला आणि परत गेला. काकू वॉकर घेऊन चालायला लागल्या.

मला काढायला पुन्हा मितेशच आला. तो म्हणाला, मॅडम, मशीनमध्ये काही खराबी नाही, सेल बदलला की चालू. मानसी म्हणाली, “कुलपाचं काहीच चुकलं नाही रे. त्याने आठवडाभर सांगितलं. मला वाटलं गाणं म्हणतंय.” माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते शेवटचं वाक्य. मग मी खणात आलो.

दारावर आता साधं लॅच आहे. त्याच्या तीन चाव्या. एक मानसीच्या कमरेला, एक निलेशच्या खिशात, आणि तिसरी काकूंकडे, देवाच्या फोटोखालच्या खिळ्याला. गुरुवारी भजन असतं, माइकसकट. प्रांजल मध्येच माइक हिसकावून माझे तीन सूर गाते आणि बायका त्यावर टाळ धरतात. मला खणात ऐकू येतं. बरं वाटतं, आणि बाहेर जावंसंही वाटतं.

सकाळचा एक रिवाज मानसीने घातला आहे. पेपर आला की प्रांजलने समोर जायचं, जाळीतून पेपर काढायचा आणि हाक मारायची. आतून काकूंच्या वॉकरची टकटक येते आणि मग, “आयलंय गो बाय.” ते ऐकलं की माझा दिवस सुरू होतो.

आज रविवार आहे. पेपर जाळीत खोचल्याचा आवाज मघाशीच आला. त्याला बराच वेळ झाला. घरात सगळे झोपलेत, आज कुणाला घाई नाही. काकूही झोपल्या असतील. तसंच असेल. पण वॉकरची टकटक अजून आलेली नाही, आणि माझ्या पोटात सेल नाहीत.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, त्यांना धुळीत टाकू नका, हे सांगायचं मी ठरवलं होतं. ते राहू द्या. मी खणात आहे, तुम्ही नाही आहात. तुमच्या मजल्यावर कुणीतरी एकटं राहत असेल. उठा, त्यांच्या दाराशी जा. पेपर आत गेलाय का बघा. बेल वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.

मी थांबतो. मला कुठे जायचंय?